टोकवाडीचा वजनकाटा

सांगवणच्या नाक्यावर कुणी तान्हं मूल घेऊन आलं की ते आधी केरू रोकडेच्या हातात द्यायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. केरू ते मूल दोन्ही तळव्यांवर घ्यायचा, डोळे मिटायचा, जरासं वर, जरासं खाली करायचा आणि सांगायचा, "दोन किलो नऊशे." दवाखान्याच्या कागदावर दोन किलो नऊशे पन्नास निघालं तर केरू म्हणायचा, "दुपट्यासकट मोजलं असंल त्यांनी."

माणूस काही वैदू नव्हता की बुवा नव्हता. कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं त्यानं वजनं केली होती. आंब्याच्या करंड्या, विड्याच्या पानांचे गठ्ठे, सायकली, एकदा तर सर्कशीतल्या माकडाचा पिंजरा. पहाटे शेणव्यावरून येणारी एस.टी. धरून आसनगाव, तिथून कल्याण, आणि दिवसभर काटा. पुढं पुढं काटा नुसता साक्षीला उरला. आकडा केरूच्या मनगटात आधीच उमटलेला असायचा. गावानं त्याचं नाव केरूकाटा ठेवलं. त्याला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो त्याच्या बायकोला, सोनूबाईला. कारण हा गृहस्थ जेवायला बसला की भाकरी हातावर तोलून "आज पंधरा ग्रॅम कमी गो" म्हणायचा.

"वजन कळतं तुमाला, चव नाय कळत," सोनूबाई म्हणायची, आणि पुढची भाकरी त्याच्या हातात न देता थेट ताटात टाकायची.

पंच्याण्णव साल संपता संपता केरू रिटायर झाला. पुढच्याच आठवड्यात म्हशाची जत्रा होती. नोकरीपायी तीस वर्षं ही जत्रा त्याला धड बघता आली नव्हती. यंदा तो तीन दिवसांसाठी गेला. बैलबाजारात फिरला, मुरबाडच्या बाजूच्या पाहुण्यांकडं मुक्काम केला, चार दुकानांतल्या घोंगड्या उचलून पाहिल्या आणि सगळ्यांत जड निघाली ती घेतली. चौथ्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून तो सांगवणच्या स्टँडवर उतरला, तर समोर शाळेतल्या रंजिताबाई उभ्या.

"अभिनंदन, केरूकाका."

"घोंगडीचं?"

"नाही हो. तुम्ही निधीचे अध्यक्ष झालात. परवाच्या बैठकीत. एकमतानं."

हा निधी म्हणजे सांगवण गाव सहाय्यता निधी. ब्याण्णव साली वादळात शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा गावानं वर्गणी काढली. पत्रे बसले तरी वर्गणी उरली. उरलेल्या वर्गणीचं काय करायचं यावर वर्षभर भांडण झालं, आणि भांडून दमल्यावर निधी स्थापन झाला. अडल्यानडल्याला मदत करायची, पगार कुणी घ्यायचा नाही, महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या ओसरीवर बसायचं. रंजिताबाई चिटणीस, किराणा दुकानदार जगदीश विशे खजिनदार, आणि एक रिटायर तलाठी अध्यक्ष. ते तलाठी आता मुलाकडं डोंबिवलीला राहायला गेले, म्हणून जागा रिकामी झाली. ती जगदीशशेठला हवी होती. माजी सरपंच सुदाम यांनाही हवी होती. एकाला दिली असती तर दुसरा बाहेर पडला असता आणि जाताना अर्धं गाव घेऊन गेला असता. तेव्हा दोघांनाही चालेल असा माणूस शोधणं आलं. जगदीशशेठ म्हणाले, "आपला केरू आहे की. आडनावच रोकडे. निधीला याहून शोभेल असं नाव कुठं मिळणार?" सगळे हसले आणि ठराव झाला.

केरू घरी आला. त्यानं सोनूबाईला बातमी सांगितली.

"तुमाला न इचारता केलं?"

"मी नव्हतो ना गावात."

"म्हणूनच केलं," सोनूबाई म्हणाली. "बौद्धवाड्यातला माणूस वर बसवला की गावाचंही नाव होतं, आणि सही कर म्हटलं तिथं करतो. असं वाटलं असंल त्यांना."

केरूलाही तसंच वाटलं होतं. पण जत्रेतून आलेला माणूस लगेच उदास होत नाही. "बघू," तो म्हणाला, आणि सोनूबाईच्या अंगावर घोंगडी टाकली. "उचल बरं. किती असंल?"

पहिल्याच बैठकीत जगदीशशेठनी एक कागद पुढं सरकवला. दर वर्षीसारखी टोकवाडीला ब्लँकेटं वाटायची होती. टोकवाडी म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची ठाकरांची वस्ती, सांगवणहून तासाभराची चढण. ब्लँकेटं नाक्यावर बोलवून द्यायची, मागं कापडी फलक लावायचा, फोटो काढायचा, आणि तो तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आणायचा, असा रिवाज होता. फोटोत जगदीशशेठ मधोमध असायचे.

केरूनं पेन उघडलं, मग पुन्हा टोपण लावलं.

"वाडीत घरं किती?"

"असतील बावीस-तेवीस."

"आणि आतापर्यंत ब्लँकेटं किती दिली?"

रंजिताबाईंनी वही चाळली. "एकशे वीस."

"मग अजून चाळीस कोणाच्या अंगावर घालायची?"

"केरूमामा, दान मोजायचं नसतं," जगदीशशेठ जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"शेठ, मी जन्मभर मोजतच आलो. मला दुसरं काय येतं? एकदा वर जाऊन बघतो. बघितल्याशिवाय सही नाय."

सुदाम सरपंचांना जगदीशशेठचा चेहरा पाहून इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं ठराव मांडला: यापुढं अध्यक्षानं स्वतः बघितल्याशिवाय निधीनं काही द्यायचं नाही. ठराव कुरापतीनं मांडला गेला, पण पुढं बारा वर्षं तोच पाळला गेला.

पुढच्या आठवड्यात केरू डोंगर चढला. वाडीच्या तोंडाशी त्याला पहिलं दिसलं ते ब्लँकेट पांघरलेलं बोकड. मग ब्लँकेटाचं दार असलेली गोठ्याची झोपडी दिसली. एका अंगणात ब्लँकेटावर नागली वाळत पडली होती. भिमी आगिवले नावाच्या पन्नाशीच्या बाईनं त्याला घरात बोलावलं आणि बसायला घडी घातलेल्या ब्लँकेटांची चळत दाखवली. तीवर बसल्यावर केरूचे पाय जमिनीला टेकेनात.

भिमी विधवा होती. घरात मुलगा, सून जनी आणि एक नात. वाडीत काही भांडणतंटा झाला की लोक पोलीसपाटलाच्या आधी भिमीकडं यायचे, कारण तिची जीभ पाटलापेक्षा जास्त चालायची. तिनं बिनदुधाचा चहा पुढं ठेवला.

"ब्लँकेटं मोजायला आलात का, दादा?"

"नाय. काय पाहिजे ते इचारायला आलो."

"असं आजवर कोणी इचारलं नाय." तिला हे खरंच वाटेना. तिनं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. "खरं सांगू? वजनकाटा पाहिजे."

केरूनं चहा खाली ठेवला.

"आमची खुरासणी घरातून निघते तेवा येक असते आन् खाली नाक्यावर पोचली का येक होते. शिकेकाईचं तसंच, वरईचं तसंच. वाटेत गळत नाय, पोतं फाटलेलं नाय. मंग जाते कुठं? पोरं म्हणतात, डोंगर उतरला का वजन उतरतं. मास्तर असंच सांगतात का हो शाळेत?"

"शाळेत असं नाय सांगत," केरू म्हणाला. त्याच्या आतला पार्सलवाला आता ताठ उठून बसला होता. "पोतं कुठंय?"

कोपऱ्यात खुरासणीचं, म्हणजे कारळ्यांचं, पोतं बांधून ठेवलेलं होतं. भिमी त्याच दिवशी ते खाली नेणार होती. केरू खाली उतरला, गुडघ्यात वाकला, पोत्याला दोन्ही हात घातले, डोळे मिटले. वाडीतली दहा-पंधरा माणसं दाराशी जमली होती. त्यांना वाटलं, म्हातारा पोत्याच्या पाया पडतोय.

"तीस किलो. पन्नास-शंभर ग्रॅम इकडंतिकडं," केरू म्हणाला. "चल भिमे. कुठं विकतेस ते दाखव."

"दाखवायचं काय त्यात? जगदीशशेठकडं. दुसरं दुकान हाय कुठं?"

केरू भिमीच्या मागोमाग डोंगर उतरला. जगदीशशेठ निधीचे खजिनदार होते. मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झालं की त्यांच्या दुकानातून सामान न मागता जायचं. पण माल घेताना आणि देताना त्यांच्या दुकानात दोन वेगवेगळे काटे होते, हे केरूला ठाऊक होतं. गल्ल्याजवळचा तराजू गिऱ्हाइकाला विकायचा. मागच्या पडवीत लोखंडी फळीचा मोठा काटा, दांडीवर सरकतं वजन असलेला, तो डोंगरातला माल घ्यायचा. त्यात वावगं वाटावं असं केरूला आजपर्यंत काही वाटलं नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी. भिमीनं पोतं फळीवर ठेवलं. जगदीशशेठनी दांडीवरचं वजन बोटानं सरकवलं आणि ओरडले, "सव्वीस!"

केरू पोत्याशेजारी उभा होता. पोतं उतरल्यावर त्यानं वहाणा काढल्या आणि स्वतः फळीवर चढला.

"हे काय, मामा?"

"बघा की शेठ. रिटायर झाल्यापासून वजन केलं नाय. पार्सल ऑफिसात रोज सकाळी काटा तपासायचा म्हणून मी आधी स्वतः चढायचो. तीस वर्षं साठ किलो. दिवाळीत साठ, पावसाळ्यात साठ."

नाही म्हणायला जागा नव्हती. मागं बारा माणसं उभी होती. वजन सरकलं. बावन्न.

"बावन्न?" केरूनं छातीवर हात ठेवला. "अरे देवा. आता घरी काय सांगू? सोनूबाई म्हणंल, गेल्या महिन्यापर्यंत नवरा साठ किलोचा होता, उरलेले आठ किलो कोणाकडं ठेवून आलात?"

माणसं हसायला लागली. भिमी हसली नाही, ती दांडीकडं टक लावून बघत होती. जगदीशशेठचा चेहरा तांबडा झाला. "काटा जरा... थंडीनं आखडलाय," ते म्हणाले.

हे एवढ्यावरही निभावलं असतं. पण हसणं ऐकून मागच्या दारातून त्यांच्या बायको, रुपालीवहिनी, बाहेर आल्या. हातात पोळीला लावायच्या तुपाची वाटी होती. काय झालं ते त्यांनी शेजारच्या बाईकडून ऐकून घेतलं, आणि त्या काट्याकडं आणि नवऱ्याकडं आळीपाळीनं पाहू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवाळीपासून वजन करता ते याच काट्यावर ना?"

जगदीशशेठ दांडीवरचं वजन उगाच मागं सरकवू लागले.

"कल्याणच्या डॉक्टरांनी दहा किलो कमी करायला सांगितलं होतं ह्यांना," वहिनी सगळ्या दुकानाला सांगू लागल्या. "तूप बंद, साखर बंद. दिवाळीनंतर मला म्हणाले, बारा किलो उतरलं, आता सोड ते पथ्य. मी येडी, रोज चार चमचे तूप वाढतेय! म्हणजे उतरलं काहीच नाही?"

"उतरलं नसंल, वहिनी," केरू गंभीरपणे म्हणाला. "थंडीनं आखडलं असंल."

यावर मात्र भिमीही हसली. इतकी हसली की तिला पोत्यावर बसावं लागलं. आणि तिला तसं हसताना पाहून जगदीशशेठच्याही तोंडाचा कोपरा हलला. बायकोसमोर सापडलेल्या माणसाला गावासमोर सापडल्याचं फार वाटत नाही. त्यांनी गल्ल्याजवळच्या तराजूनं चार खेपांत खुरासणी पुन्हा मोजली. तीस किलो आणि वर मूठभर भरली.

केरूला त्या दिवशी चार माणसांनी सांगितलं की, आता पुढच्या बैठकीत जगदीशशेठला काढून टाका. सुदाम सरपंच तर त्यासाठी घरी येऊन बसले. केरू म्हणाला, "आपल्यात टेंपो कोणाकडं हाय, सरपंच?"

"जगदीशकडं."

"आणि गावात कोणी मेलं तर सामान कोण धाडतं?"

सरपंच चहा पिऊन गेले. केरू दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दुकानात गेला आणि पडवीत बसून जगदीशशेठशी काहीतरी बोलला. काय बोलला ते त्यानं सोनूबाईलाही सांगितलं नाही. पण पुढच्या बैठकीत वजनकाट्याचा ठराव मांडला तो जगदीशशेठनी. रंजिताबाईंनी लिहून घेताना दोनदा विचारलं, "मांडणारे जगदीश विशे, असंच लिहू ना?"

"लिहा," शेठ म्हणाले. "आणि शिक्का मारलेलाच घ्या. उगाच नंतर कुणी बोलायला नको."

काटा एप्रिलमध्ये वर गेला. आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे बौद्धवाड्यावर अजून फडफडत होते. लोखंडी फळी, खांब आणि वजनं अशी चार माणसांनी वाटून नेली, आणि केरूच्या आग्रहामुळं जगदीशशेठही चढले. दर दोन वळणांवर ते खाली बसायचे आणि विचारायचे, "ही माणसं रोज असं चढतात?"

"डोक्यावर पोतं घेऊन उतरतातही," रंजिताबाई म्हणाल्या. शेठ मग पुढची चार वळणं न बसता चढले.

वाडीत सण असल्यासारखी गर्दी झाली. नारळ फुटला. काटा भिमीच्या ओट्यावर बसवला, म्हणजे ती आपोआपच त्याची मालकीण झाली. आधी पोती मोजायची असं ठरलं होतं, पण माणसंच चढायला लागली. नवरा-बायको, जावा-जावा, कोण कोणापेक्षा जड. भिमीनं दोन बोकडं तोलली. सर्वांत म्हातारी बाईजा मात्र चढेना.

"माझं वजन कशाला पायजे? मी विकायची हाय का?"

"म्हातारे, मजा म्हणून चढ."

"चढते. पण बोंब मारून सांगू नका." ती चढली, आणि आकडा कुणी सांगण्याआधी उडी मारून उतरली. त्या वयात तिची उडी पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गडबडीत भिमीची सून जनी नातीला कडेवर घेऊन पुढं आली. "दादा, सगळे म्हणतात तुमी हातावर वजन सांगता. सावळीचं सांगा की."

केरूनं हसतच पोरीला घेतलं. दोन्ही तळव्यांवर बसवलं, डोळे मिटले, जरासं वर, जरासं खाली केलं.

आणि आकडा सांगितला नाही.

"किती वर्षाची?" त्यानं विचारलं.

"वरीस होऊन दोन महिने झाले."

केरूनं पुन्हा तोललं. लोक गंमत बघत उभे होते. रंजिताबाईंनी मात्र त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या पुढं आल्या. "काय झालं, काका?"

"टोपली आणा एक," केरू म्हणाला. त्यानं आधी नुसती टोपली तोलली, मग सावळीला तीत बसवून तोललं. पोरगी लोखंडी दांडीकडं हात करून हसत होती. त्यानं वजन सरकवलं, मागं घेतलं, परत सरकवलं. पाच किलो दोनशे.

"भिमे, एवढ्या वजनाची मुलं मी तीन-चार महिन्यांची बघितली."

"बारीक हाय पोर. आमच्यात बारीकच असतात," भिमी म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "पावसाळ्यात हगवण झालेली, तवापासून अंग धरत नाय. हसते-खेळते, म्हणून..."

"हसते, पण वजन नाय. आजच्या आज दवाखान्यात जायला पाहिजे."

जनी पोरीला छातीशी धरून उभी राहिली. मुलगा कामाला बाहेरगावी गेलेला. भिमी म्हणाली, "आता उन्हाचं कसं जायचं? गाडी कुठं, काय कुठं—"

"माझा टेंपो खाली आहे," जगदीशशेठ म्हणाले. ते तोवर फणसाखाली वहाणा काढून बसले होते. "तुम्ही हिला घेऊन या. मी पुढं जाऊन गाडी वळवून ठेवतो." आणि ज्या माणसाला चढायला दीड तास लागला होता, तो दगडांवरून धोतर सावरत असा सुटला की खाली पोचेपर्यंत कुणाला दिसला नाही.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं आणि ताबडतोब ठेवून घेतलं. अजून पंधरा दिवसांनी आणली असती तर अवघड होतं, असं त्या म्हणाल्या. भिमी आणि जनी तीन आठवडे तिथं राहिल्या. पहिल्या दिवशी रुपालीवहिनींनी टेंपोबरोबर डबा पाठवला, मग रोजच पाठवू लागल्या. भिमीला ते जेवण फिकं लागायचं. शेवटी तिनं निरोप धाडला, "वयनी, सगळं चांगलं, पण थोडी मिरची घाला." वहिनींना आधी राग आला, मग त्यांनी मिरचीचा ठेचा वेगळा बांधून दिला.

केरू एक दिवसाआड जायचा. खाटेजवळ उभा राहायचा, पण पोरीला हातात घ्यायचा नाही. त्याला भीती वाटायची. सोनूबाईनं एकदा ते हेरलं. ती पुढं झाली, सावळीला उचललं आणि त्याच्या हातांवर ठेवलं. "घ्या. सांगा."

केरूनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "पाच किलो नऊशे," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

त्यानंतर निधीचं काम बदललं. महिन्यातून एकदा रंजिताबाई आणि केरू वर जायचे आणि वाडीतली सगळी मुलं टोपलीत बसवून तोलायचे. रंजिताबाई भिमीच्या भिंतीवर खडूनं नावं आणि वजनं लिहायच्या. ज्याचा आकडा हलत नसेल त्याच्यासाठी निधीतून गूळ, शेंगदाणे, अंडी, औषध. गरज पडली तर टेंपो. आयांमध्ये चढाओढ लागली. एका बाईनं मुलाच्या चड्डीत दगड बांधून आणला होता. केरूनं टोपली हातात घेताच सांगितलं, "पोरगा दमदार हाय, पण त्याचा दगड काढ." दोन वर्षांनी शेजारच्या दोन वाड्यांनीही काटा मागितला.

खुरासणीचं म्हणाल तर, भिमीनं तोलून शाळेतल्या पोराकडून चिठ्ठी लिहवून दिल्याशिवाय वाडीतून पोतं उतरत नसे. मुरबाडचा एक व्यापारी वरपर्यंत यायला लागला, तेव्हा जगदीशशेठनाही भाव वाढवावा लागला. एक वर्ष ते कुरकुरले. पण बैठकीला एकदाही चुकले नाहीत.

दोन हजार एक साली रंजिताबाईंनी सुचवलं आणि भिमी कमिटीवर आली. ती आल्यावर बैठका लांबल्या. तिला सह्या येत नव्हत्या, अंगठा द्यायची. पण कागदावर काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचून दाखवल्याशिवाय अंगठा पुढं करायची नाही. केरूशी तिचं खरं भांडण झालं ते ढोलावरून. वाडीचा जुना ढोल फुटला होता आणि भिमीनं निधीतून नवा मागितला.

"औषध मागितलंस, दिलं. वह्या मागितल्यास, दिल्या," केरू म्हणाला. "ढोल ही काय गरज झाली? ढोलावाचून कोणी मेलं नाय."

"मेलं नाय, पण जगलं बी नाय," भिमी म्हणाली. "लग्न झालं का पोरं कर्जत नाय तर कल्याणवरून बँड आणतात. आमची नाचायची चालच इसरली ती. पोटाला घातलंत, दादा, आता पायांचं काय?"

मतं घेतली. सरपंच केरूच्या बाजूनं, रंजिताबाई भिमीच्या. जगदीशशेठ बराच वेळ कान खाजवत बसले आणि म्हणाले, "ढोल घ्या." केरू हरला. अध्यक्ष होऊन पाच वर्षं झाली, पण पहिल्यांदाच हरला. तो पंधरा दिवस फुगून बसला. सोनूबाईनं त्याला एकदाही समजावलं नाही, ती म्हणाली, "मला इचारलं असतं तर मीही ढोलच म्हटलं असतं."

मार्गशीर्षात भिमी स्वतः बौद्धवाड्यावर आली, पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं घेऊन. केरू नको नको म्हणत गेला. एका बाजूला खाटेवर बसला. ढोल वाजायला लागला, हातात हात गुंफून माणसं गोल फिरायला लागली, आणि बाईजा म्हातारी, नव्वदीच्या घरातली, मध्येच घुसली. केरू नाचला नाही. पण घरी परतताना त्यानं सोनूबाईला सांगितलं की ढोलाचं कातडं शेकून घ्यायला पाहिजे होतं, आवाज जरा बसका होता.

"म्हणजे नीट ऐकलंत," सोनूबाई म्हणाली.

दोन हजार आठ साली केरूच्या गुडघ्यांनी डोंगराला नाही म्हटलं. बघितल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम, आणि बघायला जाता येईना. तेव्हा त्यानं अध्यक्षपद सोडलं. एक बैठक या विषयावर खर्ची पडली. अध्यक्ष व्हा म्हटल्यावर सरपंचांनी तब्येतीचं कारण सांगितलं, रंजिताबाईंची बदली पुढच्या जूनला होणार होती. जगदीशशेठ म्हणाले, "भिमीबायला करा. तशीही तीच चालवते." अंगठ्याचा अध्यक्ष कसा, असं कुणीतरी पुटपुटलं. भिमी म्हणाली, "सही शिकवा मंग." रंजिताबाईंनी शाळा सुटल्यावर महिनाभर बसवून ती शिकवली. नावातला 'भि' तिला जमायचा, 'आगिवले' मात्र दर वेळी कागदाबाहेर जायचं.

भिमीनं अध्यक्ष होताच पहिली बैठक टोकवाडीत ठेवली. त्या रविवारी केरू घरीच होता. संध्याकाळी जगदीशशेठ थेट त्याच्या ओसरीवर येऊन टेकले. वहाणा धुळीनं माखलेल्या, टोपी हातात. सोनूबाईनं तांब्याभर पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं.

"काय ठरलं?" केरूनं विचारलं.

"विहिरीला कठडा. आणि पायवाटेवर दोन ठिकाणी दगडी पायऱ्या."

"बघून आलात?"

"बघून काय, ती स्वतः पुढं होऊन दाखवत होती. मला विहिरीत वाकवलं तिनं. म्हणाली, शेठ, नीट बघा, नंतर बोलू नका." त्यांनी पाय लांब केले. "आता दर बैठक वरच घेणार म्हणते."

"मग?"

जगदीशशेठनी डोंगराकडं पाहिलं. वाडीतल्या चुलींचा धूर वर चढत होता.

"मग काय," ते म्हणाले. "पुढच्या बैठकीला सकाळी लवकर निघतो. ऊन लागतं."

आतून सोनूबाईनं विचारलं, शेठचं पथ्य अजून चालू आहे का, चहाला साखर किती घालू.